नातीच्या मापाचं जाकीट

"हे बघ, अगदी बेताचं होईल," म्हणत मास्तरांनी पिवळं जाकीट बायकोपुढे धरलं.

"अहो, नात आता सात वर्षांची झाली. हे तिच्या बाहुलीला होईल."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. गिऱ्हाइकावर एक नजर टाकून माप सांगणारा माणूस. दोघं सहलीला या शहरात आले होते आणि इथलं कशिद्याचं जाकीट घ्यायचं ते नातीलाच, हे बसमध्येच ठरलं होतं. पण हाताने दगा दिला. त्या हाताला नात ठाऊक होती ती तीन वर्षांची. तेव्हा लेक नवऱ्याचं घर सोडून पोरीसकट दूरगावी नोकरीला गेली, मास्तरांनी जावयाची बाजू घेतली आणि लेकीशी बोलणं टाकलं.

दुकानापुढच्या गल्लीवर उन्हासाठी कापड ताणलेलं होतं. त्यातून झिरपणाऱ्या पिवळ्या उजेडात माणसं झोपेत चालल्यासारखी सावकाश ये-जा करत होती. मास्तरांना वाटलं, लेक पोरीला कडेवर घेऊन समोरून जाते आहे. ते बघतच राहिले.

"काका, केवढी आहे मुलगी?" दुकानातल्या बाईने विचारलं.

मास्तरांनी पिवळं जाकीट खाली ठेवलं. आपली नात उंचीने केवढी झाली हेच आपल्याला माहीत नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

बायकोने लेकीला फोन लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"तूच विचार की."

"मला कुठे मापांतलं कळतं? तुमचा धंदा, तुम्ही बघा."

एरवी लेकीचा फोन आला की मास्तर उठून गॅलरीत जात. इथे गॅलरी नव्हती.

"माप सांग," ते म्हणाले. हॅलो नाही, काही नाही.

 पलीकडून लेक हळू आवाजात म्हणाली, "कुणाचं, बाबा?"

"पोरीचं. जाकीट घेतोय."

"थांबा हं, शेजारी उभी करते." जरा कुजबुज, जरा हसू ऐकू आलं. "माझ्या खांद्याच्या चार बोटं खाली येते."

मास्तरांना पुढे काही विचारावं लागलं नाही. शाळेच्या फ्रॉकपासून लग्नापर्यंत लेकीचे सगळे कपडे त्यांनीच शिवले होते. तिचा खांदा जमिनीपासून किती उंच, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. फोन कानाशी धरून त्यांनी दुसरा हात त्याच्या चार बोटं खाली, पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा, हवेत पालथा धरला.

बाईने एक निळं जाकीट आणून हाताखाली लावून पाहिलं.

"हे बरोबर बसेल, काका. काढा आता हात."

मास्तरांनी हात काढला नाही.