मी जळले मारोतीच्या चढावर

मी एक जुनी क्लच प्लेट आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटते. मेहकरला बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर शालिग्राम मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याच्या दारातल्या खिळ्यावर मी लटकलेली असते, काळीठिक्कर पडलेली. येणारे-जाणारे मला बघून नाक मुरडतात. पण माझी लाज काळ्या रंगाची नाही हो. ती वेगळीच आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा काय माझी ऐट होती! ताटलीएवढी गोल, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर. उकंडरावांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीत मला जागा मिळाली, इंजिन आणि चाकं यांच्या मधोमध. माझं काम साधं. डाव्या पायाखालचं पेडल दाबलं की मी इंजिनाला सोडते, पेडल सोडलं की त्याला घट्ट धरते, आणि मग इंजिनाचं बळ चाकांपर्यंत पोचतं. पूर्ण धरलं तरी मला त्रास नाही, पूर्ण सोडलं तरी नाही. पेडल अर्धवट दाबून ठेवलं की मात्र मी घासली जाते. तुमचे दोन तळवे जोरजोरात घासून बघा, म्हणजे कळेल.

गाडी दोघं चालवत. सकाळी वंदना, म्हणजे उकंडरावांची सून. ती मेहकरच्या शाळेत शिकवते. हिवरा आश्रमाजवळच्या त्यांच्या खेड्यातून रोज गाडी घेऊन यायची. गिअर बदलला की तिचा डावा पाय लगेच पेडलवरून खाली. चढावर थांबायची वेळ आली तर हँडब्रेक ओढायची. तिच्या पायाखाली मी कधी तापल्याचं मला आठवत नाही.

आणि संध्याकाळी उकंडराव! त्यांचा डावा पाय म्हणजे मुक्कामाला आलेला सोयरा. एकदा पेडलवर टेकला की उठायचं नाव नाही. चढावर हँडब्रेक लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. अर्ध्या क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरायचे आणि शेजारी बसलेल्याला म्हणायचे, "पाह्य बे, हालली का गाडी? याले म्हन्तात डायव्हर!"

"मानलं काका तुमाले," असं समोरचा म्हणायचा. ते कौतुक ऐकून मीही फुगायची. अस्तर झिजत होतं, तरी फुगायची.

मग त्यांच्या भावकीतल्या गोकुळचं लग्न निघालं. नवरदेव घोड्यावर नको म्हणाला, त्याला गाडीच हवी. उकंडरावांनी गाडी झेंडूच्या माळांनी मढवली आणि स्वतः चालवायला बसले. मिरवणूक मारोतीच्या देवळाकडे निघाली, आणि देवळाआधीच्या चढावर येऊन अडकली. पुढं डीजे, डीजेपुढं नाचणारी पोरं. गाडी वीतभर सरकायची आणि थांबायची, पुन्हा सरकायची आणि थांबायची. उकंडरावांचा पाय अर्ध्या क्लचवर तो तसाच. माझं अंग पेटलं हो! मागं नवरदेवाशेजारी उकंडरावांच्या बायको, गोजरबाई बसल्या होत्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

"अहो, काहीतरी जळून राह्यलं."

"फटाक्याचा वास व्हय तो. गप बस."

फटाक्याचा नव्हता, मित्रांनो. माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना नेहमीसारखी शाळेला निघाली. मेहकरच्या अलीकडच्या चढावर इंजिन नुसतं घोंगावायला लागलं, गाडी काही पुढं जाईना. माझ्यात धरायला काही उरलंच नव्हतं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले, कुणी काचेत वाकून बघत राहिले, आणि ती बिचारी एकटी. लोकांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

गाडी ओढून शालिग्रामच्या गॅरेजात आणली. उकंडराव मोटरसायकलवरून आले. शालिग्रामनं मला बाहेर काढून फरशीवर ठेवलं. गॅरेजात गिऱ्हाईकं होती, चहावाला होता. त्या सगळ्यांदेखत उकंडराव मोठ्यानं म्हणाले, "पाह्य शालिग्राम! सूनबाईनं जाळली. बाईच्या पायाले क्लच समजत नाही, मी पहिलेच सांगत होतो."

लोक हसले.

"मामाजी, काल मिरवणुकीत..." वंदना सासऱ्यांना सांगायला गेली.

"मले नको शिकवू. चाबी दे इकडं."

वंदनानं चावी दिली. चोर सोडून संन्याशाला सुळी! मी दोघांच्या मधे पडले होते. माझ्या अंगावरचा प्रत्येक डाग त्यांच्या पायाचा होता आणि नाव मात्र तिचं लागलं. मला तोंड असतं तर तिथल्या तिथं बोलले असते.

त्यानंतर ती बसनं यायला लागली. शाळा सुटली की याच रस्त्यानं स्टँडकडे जायची, भिजत, उन्हात, खांद्यावर वह्यांची पिशवी. गॅरेजातलं कुणीतरी हळूच म्हणायचं, "हेच ते क्लचवाल्या मॅडम." तिला ऐकू जायचं. ती मान खाली घालून पुढं व्हायची, आणि खिळा तुटून मी कुठंतरी अडगळीत पडावं असं मला रोज वाटायचं.

पाच-सहा महिने गेले आणि तीच पांढरी गाडी पुन्हा दोराला बांधून गॅरेजात आली. आत उकंडराव आणि गोजरबाई. शालिग्रामनं माझ्या जागी बसवलेली प्लेट काढली, तर ती माझ्याहूनही काळी! मागचं बोलणं त्याच्या ध्यानात होतं. त्यानं सरळ मनानं विचारलं, "सूनबाईनं पुन्हा जाळली का काका?"

गिऱ्हाईकं आधीच हसायला लागली. तेवढ्यात वंदना रस्त्यानं जात होती. आपली गाडी दिसली म्हणून ती दारात थांबली. तिनं प्रश्न ऐकला होता. उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं, शालिग्रामकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. होकाराचं एक "हाव" म्हटलं असतं तरी भागत होतं. कुणी खोटं धरणार नव्हतं.

"बोला नं. काऊन गप झाले?" गोजरबाई म्हणाल्या.

"नाही बे," उकंडराव कसंबसं बोलले. "तिनं तवापासून गाडीले हात नाही लावला. म्या जाळली." मग माझ्याकडे बोट केलं. "हे बी म्याच जाळली होती. गोकुळच्या लग्नात."

आता कुणी हसलं नाही. त्यांनी खिशातून चावी काढून पुढं केली. "धर, सूनबाई."

"आता नको, मामाजी. बसची सवय झाली मले." आणि ती निघून गेली.

उकंडराव चावी हातात धरून तसेच उभे राहिले. मग चपला ओढत तिच्या मागं स्टँडकडे निघाले. तिथं ते काय बोलले, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघं मिळून गाडी न्यायला आले आणि वंदना चालवायला बसली. गॅरेजातून रस्त्यावर चढताना ट्रक आडवा आला. तिनं हँडब्रेक ओढला. शेजारी बसलेल्या उकंडरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मुकाट्यानं मिटलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गाडी चालवाल. गिअर बदलला की डावा पाय खाली घ्या. चढावर आणि मिरवणुकीत आमच्या जिवावर गाडी तोलू नका, त्यासाठी ब्रेक दिलेत. आणि तुमच्या हातून काही जळलंच, तर त्याच दिवशी 'मी जाळलं' म्हणा. माझ्या जागी नवी प्लेट बसली. वंदनानं मान खाली घालून काढलेले ते महिने मात्र शालिग्रामलाही बदलून देता येणार नाहीत.