ओ द्यायची नाही

तळ्याचं नाव मी सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. हेलसिंकीजवळच्या नूक्सिओच्या जंगलात तळ्यांना तोटा नाही, त्यातलं एक समजा. उगाच नकाशा उघडून बसू नका.

त्या दिवशी आईचा फोन वाजत होता, पण ती उचलत नव्हती. चार-पाचदा लावल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी ऑफिसमधून उठून तिच्या घरी गेले. किल्ली माझ्याकडे असते. आत शिरून पुन्हा फोन लावला तर घंटी स्वयंपाकघरातून आली. फोन पावाच्या डब्यात होता, पावाखाली, फडक्यात गुंडाळलेला. म्हणजे विसरून नव्हती गेली, मुद्दाम लपवून गेली होती. फोन आपण कुठे आहोत ते साऱ्या जगाला सांगतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बाल्कनीतली टोपली जागेवर नव्हती. खिळ्याला टांगलेली छोटी सुरी नव्हती. सप्टेंबर संपत आला होता. मला कळायचं ते कळलं.

शेजारच्या पिर्क्कोचं दार वाजवलं.

"इर्या? अगं, पोहायला गेली ना ती! सकाळीच जिन्यात भेटली. टॉवेल होता की काखेत."

"पिर्क्को, टॉवेलखाली काय होतं?"

"आता टॉवेलखाली मी कशाला डोकावू?" मग जरा थांबून म्हणाली, "टोपलीसारखं काहीतरी होतं. पण ती पोहायला म्हणाली, मी बरं म्हटलं. मीही दर ऑगस्टमध्ये दाताच्या डॉक्टरकडे जाते बाई. टोपली घेऊन."

आमच्याकडे हे असंच आहे. जंगल कोणाच्या बापाचं नाही. कोणीही जावं, हवं तेवढं वेचावं. म्हणूनच जागा कोणाला सांगायची नाही. माणूस एक वेळ घटस्फोटाचं कारण सांगेल, पण पिवळी अळंबी कुठे उगवतात ते सांगणार नाही. आणि आई तर या बाबतीत कहर होती. मी लहान असताना मला बरोबर न्यायची. शाळेत जायला लागले तशी न्यायची बंद झाली, कारण शाळेत मी बडबडले असते. नंतर कितीदा विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "मरायच्या आधी सांगीन." आमच्या घरातला तो जुना विनोद होता. त्या दुपारी गाडी चालवताना तेच वाक्य डोक्यात घोळत होतं आणि त्यात हसण्यासारखं काही सापडत नव्हतं.

त्याला आणखी एक कारण होतं. मार्चमध्ये आई बिल्डिंगच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या सामायिक खोलीत, आपला वार नसताना भलत्याच दिवशी शिरली होती आणि आत बसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलाला "माझ्या वेळेत बसायला लाज नाही वाटत?" म्हणत टॉवेलसकट बाहेर काढलं होतं. सगळी बिल्डिंग हसली. वकीलही हसला. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं.

जंगलाच्या तोंडाशी पोचले तेव्हा सॉसेज भाजायला आलेली मंडळी परत निघाली होती. मुलं पेंगत होती, कुत्री ओली झाली होती. मी प्रत्येकाला आडवं जाऊन विचारलं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, टॉवेलवाल्या आजी सकाळी उतरल्या, पण परतीच्या गाडीला दिसल्या नाहीत. तेव्हा मी पोलिसांना फोन केला. नंबर दोनदा चुकला.

पोलीस आले, त्यांच्यामागून स्वयंसेवक आले. नारिंगी जाकिटं, कपाळाला दिवे. त्यांचा म्होरक्या रेयो, एरवी शाळेत गणित शिकवणारा, पांढऱ्या मिशांचा आडदांड माणूस. त्यानं मला कॉफीचा पेला दिला आणि चौकशी सुरू केली.

"आजींचं वय?"

"एक्याऐंशी."

"तब्येत?"

"ठणठणीत. हृदयाच्या गोळ्या आहेत, पण ठणठणीत."

"आणि..." त्यानं एक बोट कपाळाला लावलं.

"ठणठणीत म्हटलं ना!" मी खेकसले.

त्यानं कॉफी थोडी आणखी ओतली. "त्यांची जागा कुठे आहे?"

"माहीत नाही."

"तुम्ही मुलगी ना?"

"मुलगी आहे म्हणूनच माहीत नाही."

मागच्या दोन बायकांनी समजुतीनं मान डोलावली. रेयो म्हणाला, वासावर माग काढणारा कुत्रा दुसऱ्या गावाहून निघालाय, पण त्याला वेळ लागेल. आणि आज पारा शून्याला टेकणार. हे तो आकाशाकडे बघत म्हणाला, माझ्याकडे बघून नाही. आईनं काय घातलं असेल? खुंटीवर तिचा जाड कोट मी डोळ्यांनी पाहिला होता. कोट घेतला असता तर पोहायला चाललेय हे कोणाला पटलं असतं?

मला एकच आठवत होतं. लहानपणी आम्ही एका मोठ्या खडकापाशी थांबायचो, तिथे आई मला गोड पाव द्यायची. बसलेल्या गायीसारखा खडक आणि उजवीकडे, खाली, पाणी. रेयोनं डोळे मिटून विचार केला. गायीसारखा एक आहे, म्हणाला, आणि आम्हाला एका तळ्याकडे घेऊन गेला. कुठल्या, ते मी सांगणार नाही हे सांगितलंच आहे.

खडक सापडला. खरंच गायीसारखा. त्याच्याभोवती दिवे फिरवले, खाली पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन पाहिलं. आई नव्हती. मग आम्ही एकमेकांवर नजर पोचेल एवढं अंतर ठेवून एका रांगेत चालायला लागलो. एक जण हाक मारणार, सगळे थांबणार, कान देणार, मग पुन्हा पुढे. "इर्याऽऽ!" मग शांतता. केसांत घुसणाऱ्या त्या मेल्या माश्या, बुटात शिरलेलं दलदलीचं पाणी आणि ती शांतता. हाकेची मला भीती वाटत नव्हती. हाकेनंतर काहीच येत नव्हतं, त्याची वाटत होती. ओ येत नाही म्हणजे ती शुद्धीवर नाही. नाहीतर... नाहीतरच्या पुढे मी मनाला जाऊ देत नव्हते. पण मन कोणाचं ऐकतं? त्यानं दलदलीत तरंगणारा टॉवेलसुद्धा दाखवला होता.

उजेड पार गेला. दलदल वळसा घालून पार केली. पुन्हा हाक, पुन्हा सगळे थांबले. आणि त्या शांततेत कुठेतरी एक काटकी मोडली. एकदाच.

"ससा असेल," कोणीतरी पुटपुटलं.

सशाला काटकी मोडल्यावर श्वास रोखून बसायचं कारण काय? ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. मी पाच-सहा वर्षांची, ब्लूबेरीच्या झुडपांत पालथी पडलेली, शेजारी आई. वरच्या वाटेनं अनोळखी माणसं चाललीयत, त्यातला एक विचारतोय, "कोणी आहे का तिकडे?" आणि आईचा मातीचा वास येणारा तळवा माझ्या तोंडावर. कानाशी कुजबुज: "ओ द्यायची नाही."

"थांबा!" मी म्हटलं. "ओरडू नका. ती ऐकतेय. ती आपल्याला ओ देणार नाही."

"का?" रेयोनं विचारलं.

"आपण तिला अळंबीचोर वाटतोय."

मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. रांगेतली एक बाई म्हणाली, "माझ्या सासूनंही नसती दिली."

सगळ्यांनी दिवे विझवले. मी एकटीच पुढे निघाले, मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात. मागून काही अंतरावर रेयो, अंधारात, पाय चाचपत.

"आई! मी आहे, सातू. एकटी आहे गं."

काही नाही.

"आई, एकटीच आहे मी. अगदी एकटी."

काही नाही. आपलं चुकलं, तो ससाच होता, आणि आपण दिवे विझवून बसलोय, ती तिकडे कुठेतरी... मग एकदम सुचलं आणि मी आवाज खाली आणून, चोरट्या स्वरात म्हटलं, "गेले सगळे. त्यांना काही मिळालं नाही. मूर्ख कुठले, भलत्याच बाजूला शोधत होते."

"हळू बोल," डावीकडून आवाज आला. "लांब नसतील गेले."

वाऱ्यानं उन्मळून पडलेल्या एका स्प्रूसच्या मुळांमागे ती बसली होती. एक पाय वाकडा, एक बूट चिखलात, ओठ निळे. मांडीवर टोपली, टोपलीवर टॉवेल, टॉवेलवर दोन्ही हात. मी गुडघ्यांवर पडले आणि तिला मिठी मारली. ती बर्फासारखी गार होती आणि थरथरत होती, आणि मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर ओरडलेच.

"मेली असतीस ना!"

"मरायच्या आधी तुला सांगितलं असतं. कबूल केलंय ना मी?" दात वाजत होते तरी तोऱ्यात होती. "दुपारपासून पाय मुरगळलाय. संध्याकाळपासून नारिंगी जाकीटवाले हाका मारतायत. नावानं गं! माझं नाव कुठून काढलं कोण जाणे. पण मी हूं की चूं केलं नाही."

तेवढ्यात मागे रेयोचं पाऊल वाजलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकटी आहे म्हणालीस."

आयुष्यात मी तिच्याशी पुष्कळ खोटं बोलले होते, पण ते असं तिच्या डोळ्यांसमोर कधी उघडं पडलं नव्हतं.

रेयोनं तिला चमचमतं पांघरूण गुंडाळलं, पाय तपासला, हळूच शिट्टी वाजवून बाकीच्यांना स्ट्रेचर आणायला सांगितलं. आई सगळं करू देत होती, फक्त टोपली सोडत नव्हती. उचलायचं तर टोपली बाजूला ठेवावी लागणार होती. त्यानं अलगद ती घेतली, पण टॉवेल घसरला आणि त्यानं पेटवलेल्या दिव्याचा झोत थेट आत पडला.

"बघ सातू," आई म्हणाली, राग क्षणभर विसरून. "यंदा किती आलीयत!"

टोपली काठोकाठ भरली होती. बर्चच्या पिवळ्या पानांनी. ओली, स्वच्छ पुसलेली, एकावर एक नीट रचलेली, आणि प्रत्येक पानाचं देठ सुरीनं छाटलेलं.

फसतो माणूस. शेवाळावर पडलेलं पिवळं पान अळंबं समजून आम्ही सगळेच वाकतो, मग स्वतःला शिवी देऊन सरळ होतो. मी दिव्याच्या उजेडात भोवती पाहिलं. एकही अळंबं नव्हतं. वर बर्चची झाडं होती, खाली पानं होती. बाजूला एक दगड होता, साधा, कशासारखाही नसलेला. खाली पाणी नव्हतं. गायीचा खडक दलदलीपलीकडे कधीच मागे पडला होता.

रेयोही टोपलीकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आता हा बोट कपाळाला लावणार, असं वाटलं. मी मनात देवाला म्हटलं, नको, आत्ता नको, तिच्यासमोर नको.

"बघितलंत ना?" आई त्याला म्हणाली. आता तिचा आवाज रडवेला झाला होता. "झालं. उद्या सगळं हेलसिंकी इथे टोपल्या घेऊन येईल."

रेयोनं टॉवेल उचलला, झटकला आणि टोपलीवर नीट पसरून कडा आत खोचल्या. टोपली तिच्या हातात परत दिली.

"आजी, मीही वेचतो," तो म्हणाला. "पण इतकी भरलेली टोपली माझी कधी झाली नाही. मी कोणाला सांगणार नाही. शपथ."

"आणि ते बाकीचे?"

स्ट्रेचर घेऊन आलेले झाडांत उभे होते. तो त्यांच्याकडे वळला. "दिवे पायापुरतेच ठेवा रे. वाट लक्षात ठेवायची नाही. कबूल?"

"शपथ," एक जण म्हणाला. मग सासूवाली बाई, "शपथ." मग अंधारातून एकेक करत सगळे.

आईनं एकेकाला मोजल्यासारखी मान हलवली, समाधान झालं. मग ती माझ्याकडे वळली. स्ट्रेचरवर आडवी होती, चेहरा माझ्या हाताजवळ.

"आता तुला माहीत झालं," ती म्हणाली. "चला, एक काम संपलं माझं. तू राहिलीस. घे."

तिचा मातीचा वास येणारा हात मी धरला आणि शपथ घेतली. म्हणून तळ्याचं नाव मला सांगता येत नाही.