नाश्ता धरून

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडला सहदेवरावांचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याला काय हवं ते सहदेवराव काढून ठेवतात, अशी त्यांची ख्याती. गुरुजींच्या घरी रवा बारीकच लागतो, पुंजाजीला चहात गूळ लागतो, साखर चालत नाही, आणि शिवणकाम करणाऱ्या जनकाबाईला ती मिरची लागते जिच्या नुसत्या वासाने बाकीच्यांना ठसका येतो. कोणाच्या घरात कोणाला काय आवडतं आणि कोणाला काय सोसत नाही, हे त्यांना गावच्या डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक. याचा त्यांना अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा ना.

यंदा दिवाळीनंतर मात्र त्यांच्या स्वतःच्याच घरात एक माणूस जेवेनासं झालं, आणि तिथे त्यांची सगळी हुशारी पांगळी पडली. त्यांच्या बायकोला, केसरबाईंना, ताप आला, आठवडाभर राहिला, आणि जाताना तोंडाची चवही घेऊन गेला. स्वयंपाक चालूच होता, त्यात खंड नाही. फक्त स्वतःच्या ताटावर बसल्या की दोन घास खाऊन ताट सारायच्या. अंगातले ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, आणि कागद बाजूला ठेवून सहदेवरावांना सरळच सांगितलं, "काका, औषधाचं काम संपलं. बाई थकल्यात. त्यांना चुलीपासून लांब कुठंतरी न्या, आयतं खाऊ द्या, झोपू द्या. हे असंच चाललं तर मला त्यांना भरती करून घ्यावं लागेल."

सहदेवराव घाबरले. कुठं न्यावं? नातेवाईक सगळीकडे आहेत, पण नातेवाइकाकडे गेलेली बाई पदर खोचून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरणार, हे काय सांगायला हवं? शेवटी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाने, हर्षलने, फोनवरूनच मार्ग काढला. "बाबा, मी मुंबईले दादरच्या बाजूले हॉटेल करून देतो. दोन रात्री, नाश्ता धरून. मायनं फक्त खाचं अन् झोपाचं."

"हाटेलात राहाचं?" केसरबाईंनी डोळे मोठे केले. त्यांचंही बरोबर होतं. नांदुऱ्यात हॉटेलात माणसं भजी खातात, राहत नाहीत. "अजी, अन् घर कोन पाहीन?"

"घर कुठी पळून चाललं?" सहदेवराव म्हणाले. 'नाश्ता धरून' हे शब्द त्यांना फार आवडले होते. दुकानदार माणूस, वर काही मिळतंय म्हटलं की त्याचा जीव सुखावतो. दुकान त्यांनी भाच्याच्या हवाली केलं.

आरामाला जायचं म्हणून केसरबाई आधीचे दोन दिवस नुसत्या राबल्या. घर धुतलं, भाच्यासाठी डबे भरले, वाटेसाठी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. गाडीत बसल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं, नवऱ्याला वाढलं, समोरच्या बाकावरच्या अनोळखी जोडप्याला वाढलं, आणि स्वतः खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "मले आता नोको. वासानंच पोट भरलं." दादरला उतरल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

हॉटेल चांगलं होतं, खोटं कशाला बोला. पांढरी चादर, गरम पाणी, खिडकीला जाड पडदा. संध्याकाळी दोघं जवळच्याच एका थाळीच्या ठिकाणी गेली. तिथे वाढपी सारखे फिरत होते, नको म्हणायच्या आत ताटात पडत होतं. सहदेवरावांना वाटलं, आता ही नाही कशी म्हणते बघू. पण केसरबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत सगळे वाढपी आपल्या हाताखाली घेतले. "यायले कढी वाढा. यायची पुरी थंडी झाली, गरम आना. अवो दादा, यायले भात, भात." वाढपीही गुणी, बाई सांगतील तसं वाढत राहिले. सहदेवरावांनी पट्टा सैल केला. केसरबाईंच्या ताटात अर्धी पुरी आणि हातही न लावलेली भाजीची वाटी राहिली.

"अवं, तू खायाले आली का मले चाराले आली?" बाहेर आल्यावर सहदेवराव वैतागून म्हणाले.

"तुमी जेवले का मले बरं वाटते," केसरबाई म्हणाल्या.

सहदेवरावांना ते ऐकून बरंच वाटलं, आणि भरल्या पोटाने ते गाढ झोपले.

सकाळी खाली नाश्ता होता. लांब टेबलावर झाकणाची भांडी मांडलेली, कोपऱ्यात एक जण तव्यावर डोसे टाकत होता. सहदेवराव खुर्चीवर बसले. केसरबाई बसल्याच नाहीत. त्यांनी नवऱ्यासाठी डोसा आणला, मग चटणी आणली, मग डोसा गरमच खावा म्हणून दुसरा आणायला जाऊन उभ्या राहिल्या, मग चहा, मग चहात साखर कमी पडली म्हणून साखर. सहदेवरावांचं झालं तेव्हा तिकडे तवा पुसून झाला होता. केसरबाईंनी उरलेला पाव उचलला आणि चहात बुडवून खाल्ला.

"उद्या लवकर येऊ," सहदेवराव म्हणाले. आपण फार समजूतदारपणे बोललो असं त्यांना वाटलं.

दिवसभर मुंबई बघायची होती. ती बघितली म्हणायची. समुद्रापाशी केसरबाई कठड्यावर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. सहदेवराव त्यांना उंच इमारती दाखवत होते, त्या "हाव, हाव" म्हणत होत्या, डोळे मिटलेलेच. दुपारीच परत आल्या. संध्याकाळी जेवायला उठल्या नाहीत, कपभर दूध घेतलं, तेही अर्धं ठेवलं. सहदेवरावांनी परतीची तिकिटं काढून पाहिली. उद्या दुपारची गाडी. म्हणजे ही जशी आली तशीच, नाही, आली त्याहून वाळून घरी जाणार, आणि घरी चूल वाट बघतेच आहे. पुढे काय, ते डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं.

दुसऱ्या सकाळी केसरबाई उठल्याच नाहीत. लग्न झाल्यापासून ही बाई आपल्यानंतर उठलेली सहदेवरावांना आठवत नव्हती. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"अवं, उठतं का? खाली नाश्ता लागला असन."

"तुमी जा," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "माह्याच्यानं नाही होत आता."

एवढंच म्हणाल्या. पण त्या आवाजात रुसवा नव्हता, दुखणं नव्हतं, नुसता शीण होता, वर्षानुवर्षं साठलेला.

"तू पडून राह्य. मी आनतो वर."

केसरबाईंनी मान वळवली. "तुमी?"

"हाव, मी. काऊन? मले हात नाहीत का?"

खाली त्यांनी विचारलं, तर वाढपी म्हणाला, "न्या ना काका वर. फक्त आता थोड्या वेळात उचलायला घेणार, तेवढं बघा." सहदेवरावांनी ताट घेतलं, पहिल्या भांड्याचं झाकण उघडलं, आणि तिथेच थांबले.

काय वाढावं?

त्यांनी झाकण बंद केलं, दुसरं उघडलं. हिला उपमा आवडतो का? गोड आवडतं का तिखट? आपण इतकी वर्षं एका घरात जेवतो. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. वाढणारी केसर आठवली, भाकरी थापणारी आठवली, पाठमोरी तर किती वेळा आठवली. जेवणारी केसर काही केल्या डोळ्यांपुढे येईना. लग्नकार्यात ती बायकांच्या शेवटच्या पंगतीला बसायची, तोवर सहदेवराव बाहेर सुपारी कातरत असायचे. सगळ्या नांदुऱ्याची जीभ ज्याला पाठ, तो माणूस रिकामं ताट धरून उभा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि खामगावला दिलेल्या लेकीला, अपेक्षाला, लावला.

"बाबा? काय झालं? माय बरी हाय ना?"

"बरी हाय. मले एक सांग, तुह्या मायले खायाले काय आवडते?"

"मायले?" अपेक्षा हसली. "मायले सगळंच चालते."

"चालते थे नोको सांगू. आवडते काय, थे सांग."

मग अपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी बी कधी इचारलं नाही. तुमीच इचारा ना तिले, बाजूलेच तर हाय."

"हाव," सहदेवराव म्हणाले आणि फोन ठेवला. पण कुठल्या तोंडाने विचारायचं? नातवंडं झाल्यावर बायकोला विचारायचं, तुला काय आवडतं म्हणून? शेवटी त्यांनी प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं घेतलं. शिरा घेतला, उपमा घेतला, मेदूवडा, इडली, पोहे, दोन्ही चटण्या, पपईच्या फोडी. डोसेवाल्याचा तवा अजून गरम होता, त्याच्याकडून एक डोसा टाकून घेतला. ताट इतकं भरलं की अंगठा चटणीत बुडाला. मागे भांडी उचलायला सुरुवात झाली होती.

"काका, तुमच्यासाठी दुसरं ताट भरून देऊ का पटकन?" वाढप्याने विचारलं.

सहदेवरावांना कडकडून भूक लागली होती. त्यांनी ताटातल्या डोशाकडे पाहिलं. तो आता गरम होता, दहा मिनिटांनी नसता.

"नोको," ते म्हणाले आणि लिफ्टकडे निघाले.

केसरबाई पलंगावर उठून बसल्या. समोर ताट ठेवलं तर त्या ताटाकडे बघेनात, नवऱ्याकडे बघायला लागल्या.

"तुमी खाल्लं?"

"हाव. मी खाल्लं खाली."

तोंडातून गेल्यावर सहदेवराव चपापले. हे वाक्य त्यांचं नव्हतं. हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. मी मघाशीच खाल्लं. करता करता खाल्लं. तुमी घ्या, माहं झालं. आणि गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं तसे ते दर वेळी त्यावर विसंबले होते, उरलेली भाजी आपल्या ताटात ओढून घेतली होती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पोटात भूक ठेवून ते वाक्य सरळ चेहऱ्याने बोलणं किती कठीण असतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

केसरबाईंना मात्र ते लगेच ओळखू आलं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आता ही ताट पुढे सरकवणार, अर्धं तुम्ही घ्या म्हणणार, असं सहदेवरावांना वाटलं. त्यांना मनातून थोडी आशाही होती.

"बरं," केसरबाई म्हणाल्या, आणि ताट मांडीवर ओढून घेतलं.

त्यांनी आधी डोसा खाल्ला. घाई नाही, गडबड नाही, प्रत्येक घास चटणीत बुडवून. मग शिरा खाल्ला आणि बोटं चाटली. पपई खाल्ली. वडा मोडून आतली मिरी बाजूला काढली. सहदेवराव समोरच्या खुर्चीवर बसून एकेक घास लक्षात ठेवत होते. पोटात कावळे कोकलत होते, पण त्यांना उठवेना. इडली गेली, उपमा गेला. ताटात पोहे राहिले. केसरबाईंनी ते बोटाने कडेला सारले.

"पोहे काऊन ठेवले?"

"मले नाही आवडत पोहे."

"अवं, पन घरी तर रोज सकाळी पोहेच असतात!"

"तुमाले आवडतात ना," केसरबाई म्हणाल्या. गुळाचा भाव सांगावा इतक्या सहज म्हणाल्या.

"अन् मंग तू सकाळी काय खाते?"

केसरबाईंनी जरा विचार केला, जणू त्यांनाही हे आत्ताच आठवून बघावं लागत होतं. "तुमच्या ताटात राह्यलेले पोहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं, हात धुतला, पाणी प्यायल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. थोड्या वेळात त्यांचा श्वास संथ झाला. पोटभर जेवलेल्या माणसाला लागते तशी झोप त्यांना लागली होती.

सहदेवरावांना फार लाज वाटली. रडू येईल की काय असंही वाटलं. मग त्यांनी आवाज न करता खुर्ची टेबलापाशी ओढली, ते उष्टं ताट पुढे घेतलं, आणि कडेला सारलेले पोहे खायला लागले. पोहे गार झाले होते आणि त्यांना कशाचीच चव नव्हती. त्यांनी ते सगळे संपवले.