प्रांजलच्या गुडघ्यात

दर रविवारी मी माझ्या लेकीच्या, प्रांजलच्या उजव्या गुडघ्याचा फोटो काढत होते, एकाच खुर्चीत बसवून. दोन महिन्यांत तिथं पालथी वाटी ठेवावी तशी सूज आली. वडूजच्या डॉक्टरांना आधी लचक वाटली, मग टीबी. टीबीची तपासणीही निगेटिव्ह आली. शेवटी सांगलीला एमआरआय केला, तर सांध्याच्या आत गाठ. पोरगी सहा वर्षांची. कॅन्सर हा शब्द डॉक्टर टाळत होते आणि माझे कान तेवढ्यासाठीच टवकारलेले.

सासूबाई, धोंडुबाई, हट्टानं बरोबर आल्या होत्या. विट्यापर्यंत गाडीत एकच चालू, की मी पोरीला घरात कोंडली म्हणून तिची हाडं नासली. मल्हार, माझा नवरा, गाडी हाकत होता.

डॉक्टरांनी विचारलं, कधी पडली होती का, काटाबिटा मोडला होता? मी ठामपणे नाही म्हणाले. माझं बारीक लक्ष असतं, असंही वर ऐकवलं.

सासूबाई उगाच पदर सारखा करायला लागल्या.

"आत्या?" मी त्यांच्याकडं वळले.

"बाभळीचा व्हता," त्या डॉक्टरांनाच म्हणाल्या. "मी लगीच काढला की चिमट्यानं. वर रुईचा चीक लावला."

दिवाळीनंतर मी बीएडच्या परीक्षेला साताऱ्याला होते, तेव्हाची गोष्ट. पोरीला आपल्या मेंढरांमागं रानात नेणार नाही, असं सासूबाईंकडून कबूल करून घेऊनच मी निघाले होते.

टोक आत राहिलं असेल, डॉक्टर म्हणाले. काटा एक्स-रेत दिसत नाही, त्याच्याभोवती मात्र गाठ धरते. सोनोग्राफीत गाठीच्या मधोमध बारीक रेघ सापडली.

बाहेर बाकड्यावर मी विचारलं, "चार महिने तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं आस्तं तर परत ठिवली आस्तीस व्हय माझ्याजवळ?"

"नसती ठेवली."

ऑपरेशनमध्ये काळं पडलेलं, गव्हाच्या दाण्याएवढं टोक निघालं. आठवड्यानं गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मी जिन्यात बसून रडले.

वर वॉर्डात आले तर सासूबाई मल्हारला सांगत होत्या, "काटाच निगाला न्हवं? उगं लय बाऊ."

प्रांजलला सोडलं तेव्हा मी मल्हारला म्हणाले, गाडी वडूजला घरी नको, रहिमतपूरला घे, माझ्या आईकडं.

"किती दिस?" सासूबाईंनी विचारलं. आवाज उतरला होता.

मी प्रांजलच्या पायाखाली उशी सरकवली आणि दिवस सांगितले नाहीत.