छत्रीच्या कापडाची पिशवी

बशीतल्या चमच्याच्या खोलगट भागात साखरेचे चार दाणे चिकटून राहिले होते आणि त्यांच्यावर गांधीलमाशी बसली होती — पिवळी, काळ्या पट्ट्यांची, आणि कंबर तर अशी, की कुणीतरी दोरा आवळून तिचे दोन तुकडे करायचे ठरवावे आणि ऐन वेळी मन बदलावे... मागचा भाग संथपणे आत-बाहेर होत होता. त्याचा हात बशीपासून वीतभर अंतरावर होता. हात आपलाच आहे हे त्याला कळत होते, पण तो उचलायचा कसा हेच विसरल्यासारखे झाले होते.

"हलू नका," बायको दारातून म्हणाली.

ती आली, तिने चमच्यावर काचेचा पेला उपडा घातला, बशी आणि पेला दोन तळव्यांत धरून सगळेच उचलले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर नेऊन पेला काढला. इतके साधे. मग तिने चमचा धुतला, आणि तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"सकाळपासनं ही तिसरी," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीतनं येतायत. तुम्ही उठा, आत जाऊन बसा. काचेचं दार लावून घ्या."

तो उठला. मागल्या उन्हाळ्यात एका शाळेच्या सभागृहात तो पियानो सुरात लावत होता — हाच त्याचा धंदा, तारा पिळायच्या आणि ऐकायचे — तेव्हा अशीच एक कानामागे डसली. आधी तळवे खाजले, मग ओठ परक्याचे झाले, मग गळ्यात कुणी बोळा कोंबावा तसे... पुढचे त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत होते. डोक्यावरून मागे सरकणारे इस्पितळाचे दिवे. आणि त्या दिव्यांखालून जाताना मनात एकच विचार — आता वीजमंडळाशी भांडणार कोण? बायकोचे कसे होणार? जी सरकत्या जिन्यावर पाऊल टाकायला घाबरते, कुत्रे दिसले की रस्ता बदलते, जिला मुलगी लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणत आली... पुढच्या वेळी काय होईल ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते आणि त्यांनी औषध भरलेली एक तयार सुई दिली होती, मांडीत टोचायची. ती आता कपाटातून काढून बायकोने त्याच्या खिशात ठेवली आणि वरून खिसा थोपटला, लहान मुलाच्या खिशात रुमाल ठेवतात तसा.

आतल्या खोलीत त्याचा जुना पियानो होता. त्यापुढे न बसता तो दोन खोल्यांमधल्या भिंतीशी गेला. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या वर पडद्याचा दांडा झाकणारी लांब लाकडी पेटी होती, खालून उघडी. तिचे एक टोक या भिंतीला टेकलेले होते. त्याने कान लावला. आहे — एक सलग, खालचा स्वर, मधेच किंचित चढणारा, पुन्हा बसणारा. कितीतरी कंठ एकाच श्वासावर. आणि त्याला आठवले, थंडी सरता सरता याच भिंतीतून एक बारीक खर्र-खर्र येत असे. उंदीर असेल म्हणून त्याने सोडून दिले होते. उंदीर नव्हता तर. एकटी राणीमाशी खिडकीची चौकट जबड्याने खरवडत होती, लाकडाचा भुगा चघळून त्याचा कागद करत होती... आपल्या खिडकीच्या लाकडातून तिने आपल्या डोळ्यांदेखत — नव्हे, कानांदेखत — घर बांधले. एकटीने! त्याला भीती वाटत होतीच, पण त्या भीतीच्या शेजारी काहीतरी निराळे येऊन बसले, आणि त्याचे नाव आदर हेच होते.

बाहेर बायको फोनवर बोलत होती. कीटक मारणारा माणूस परवाच्या आधी यायला तयार नव्हता.

"परवापर्यंत काय आमच्या ह्यांना बरणीत घालून झाकण लावू?" ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली, आणि "बरं, राहू दे" म्हणून तिने फोन ठेवला.

"आपण मुलीकडे जाऊ दोन दिवस," तो काचेआडून म्हणाला.

"आणि तो परवाही नाही आला तर? मग काय, घर त्यांच्या नावावर करून द्यायचं?"

तिने खुर्ची ओढली. छोटा आरसा आणि विजेरी घेऊन ती खुर्चीवर चढली — सावकाश, पायाखाली जणू अंडी होती — आणि आरसा पेटीखाली तिरपा धरला. तो काचेला नाक लावून बघत राहिला. खाली ये, म्हणावे, असे त्याला वाटत होते. पण तिची पाठ त्याला कधी नव्हे इतकी ठाम दिसली. दोन माश्या तिच्या मनगटाभोवती फिरून गेल्या. मनगट हलले नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, आणि तिचा आवाज देवळात बोलावा तसा झाला होता, "काय सुंदर पोळं आहे हो. ओंजळीएवढं. एका काडीवर तोललंय नुसतं. आणि शिवण कुठेच नाही."

शिवण कुठेच नाही. कोट शिवणाऱ्या दुकानात तिची सगळी उमर गेली होती; यापेक्षा मोठी दाद तिच्याकडे नव्हती.

दुपारभर शिलाई यंत्र चालले. मोडक्या छत्रीचे कापड तिने उसवले, दुहेरी केले, कोपरापर्यंत लांब पिशवी शिवली, तोंडाशी तारेचे कडे घातले आणि त्याच्या खालून नाडी ओवली. "निसरडं असतं," ती काचेआडून त्याला सांगत होती, "पाय ठरत नाहीत त्यांचे." यंत्रावर बसली की ती गुणगुणायची, आणि ती गुणगुण जन्मात कधी सुरात आली नव्हती, इतकी वर्षे तो तिला म्हणत आला — तू शिव, गाणं माझ्यावर सोड. आज ती त्याच बेसूर आवाजात गुणगुणत होती आणि त्याला जाणवले की ती गुणगुण डगमगत नाहीये. स्वर चुकीचा, पण धरलेला. भित्र्या माणसाचा आवाज असा येतो का? मग सरकता जिना, कुत्री... की भीती तिला वाटत होतीच, नेहमीच वाटत होती, आणि मी फक्त तेवढीच मोजत आलो? घाबरत घाबरत तिने किती गोष्टी केल्या — अख्खे बाळंतपण, सासऱ्यांचे शेवटचे वर्ष, माझी ती इस्पितळातली रात्र — त्या कुठे मोजल्या?

ऊन उतरले. तिने त्याचा जाड कोट चढवला, हातमोजे घातले, टोपीला मच्छरदाणीची जाळी टाचून ती गळ्याभोवती घट्ट खोचली. विजेरीला लाल फडके बांधले. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही म्हणे. काचेच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. मग जाळीतून त्याच्याकडे बघून म्हणाली,

"सगळ्या आत आल्या की सांगा. तुमच्या कानावर आहे सगळं."

त्याने भिंतीला कान लावला. अजून जा-ये चालू होती. स्वर मधूनच फाटत होता. खिडकीतला उजेड राखाडी झाला. एकेक आवाज परतत होता, त्या खालच्या स्वरात मिसळत होता... त्याने आयुष्यभर तारा ऐकल्या, पण तार चुकीची लागली तर फार तर कुणाचे कान दुखत. इथे ती उभी होती, त्याच्या एका शब्दाची वाट बघत, आणि घाईही करत नव्हती. आपल्या कानावर इतका विश्वास त्याने स्वतःसुद्धा कधी ठेवला नव्हता. स्वर खाली आला. आणखी खाली. पसरला. शांत झाला.

"आता," तो म्हणाला आणि काचेच्या दाराशी गेला.

विजेरी खिडकीत उभी ठेवून लाल उजेडात ती खुर्चीवर चढली. पिशवीचे कडे पेटीत सरकले. मग तिचा दुसरा हात, त्यात काडी कापायला लांब कात्री — आणि भिंतीत एकदम आरोळी उठली, स्वर कसला, नुसता संताप, पण तोही लगेच दबला, कापडात गुंडाळला गेला. नाडी आवळली. त्याच क्षणी तिची मान आखडली. एक बाहेर राहिली होती. जाळीच्या आत, कॉलरपाशी... त्याला ते दिसले. तिचा चेहरा जाळीमागे एकदाच आवळला गेला. हातांनी नाडीला दुसरी गाठ मारली, मग तिसरी, मग एक पाय खाली, मग दुसरा. खाली आल्यावरच तिने मानेवर तळवा दाबला.

"अगं! लागलं?" दाराच्या मुठीवर त्याचा हात होता.

"दार उघडू नका!" — आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. मग नेहमीच्या आवाजात, "आग होतेय नुसती. मला काही होत नाही त्यानं. मी ह्यांना माळावर सोडून येते."

"सोडून? मारत नाहीस?"

"इतकं काम केलेलं असतं हो त्यांनी," ती म्हणाली, आणि गुणगुणती पिशवी अंगापासून लांब धरून जिना उतरून गेली.

घर शांत झाले. त्याने भिंतीला कान लावला. भिंत फक्त भिंत होती. मग त्याने आतल्याच खोलीच्या खिडकीशी जाऊन खाली बघितले. माळाच्या टोकाला, पडक्या कुंपणाजवळ, अजून थोडा उजेड होता. ती वाकली, पिशवी गवतात ठेवली, लांब काठीने नाडी सोडवली आणि मागे सरकली — दहा-बारा पावले, धावली नाही. आता ती परत फिरेल, त्याला वाटले. पण ती तिथेच उभी राहिली, टोपी काढून, एक हात मानेवर, त्याच्याकडे पाठ.

माझ्यामागे हिचे कसे होणार, या काळजीवर आपण इतके दिवस जगत होतो की काय... आणि ती काळजी गेली तर उरले काय? त्याला वाटले होते, तिथे खड्डा पडेल. खड्डा पडला नव्हता. छातीत थोडे रिकामे वाटत होते, सामान हलवल्यावर खोली मोठी वाटावी तसे. ती काय बघत होती तिथे? अंधारात बाहेर पडणाऱ्या त्या माश्या? की काहीच नाही? इतक्या वर्षांत तिच्या पाठीकडे बघून तिच्या मनात काय चालले आहे हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. उत्तर माहीत असल्यासारखाच तो वागत आला होता. आता माहीत नव्हते. हाक मारली असती तर तिने वळून बघितले असते.

त्याने हाक मारली नाही. खिडकीच्या चौकटीला हात टेकून, कुणा अनोळखी बाईकडे बघावे तसा तो बघत राहिला, आणि तिने इतक्यात वळू नये असे त्याला फार वाटत होते.