खळीचं पाणी

अबेओकुटा शहरातल्या आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत ओढा निळा वाहतो, याचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. पोरांच्या टाचा निळ्या, बकऱ्यांच्या दाढ्या निळ्या. दुपारी धुळीचा वारा सुटला, ओलुमोचा खडक धूसर झाला, की अख्खी गल्ली झोपेत चालल्यासारखी दिसायची. खालच्या वस्तीतली माणसं तेच पाणी भरून नेतात, हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही आम्ही मान वळवायचो. का खोटं बोला!

शेवटी सरकारी नोटीस आलीच. पाणी स्वच्छ करून दाखवा, नाहीतर रंगाचे माठ बंद.

माठ बंद म्हणजे चूल बंद. रंगारणींची पुढारी इया अदुके, म्हणजे अदुकेची आई. तिने तडक लेकीची प्रयोगशाळा गाठली.

"अदुके, एवढी शिकलीस ना? मग वाचव आता आम्हाला!"

अदुकेचं कामच ते होतं. ताडाच्या बियांची टरफलं जाळून केलेला कोळसा कडक वाफ देऊन जागवायचा. जागवला की त्याच्या कणाकणात बारीक बारीक खोल्या उघडतात आणि पाण्यातली घाण तिथे जाऊन बसते. तसला कोळसा तिने बोटाएवढ्या काचेच्या नळीत भरला आणि वरून नीळ कालवलेलं पाणी सोडलं. खालून थेंब पडू लागले. टप... टप... काचेसारखे नितळ! इया बघतच राहिली. त्या टपटपीत तिला जागच्या जागी पेंग आली आणि झोपेतही ती हसत होती.

गल्लीत त्या दिवशी बायका नाचल्या. शुक्रवारी सरकारी साहेब तपासायला येणार, त्याला बाटली दाखवायची, की झालं!

पण अदुकेचे वरिष्ठ डॉक्टर शोतुंदे म्हणजे वल्ली माणूस. दिवसभर खुर्चीत डोळे मिटून बसायचे. सगळ्यांना वाटायचं झोपलेत, पण ते थेंब ऐकत असायचे. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "पोरी, नीळ कशात कालवलीस?"

"शुद्ध पाण्यात, सर."

"आणि तुझी आई कापड कशात धुते?"

"ओढ्यात."

"मग ओढ्याचं आण."

अदुके वैतागली. "सर, पास झालेला कोळसा नापास करायला का निघालात?"

आता मात्र डॉक्टरांनी डोळे उघडले. "मी काय लग्नातला ढोलकरी आहे, तोंडभर स्तुती करून कपाळाला नोटा चिकटवून घ्यायला? अगं, कोळसा कधी हरतो ते शोधायला चाचणी असते. नळीत हरला तर आपलं नाक कापलं जाईल. ओढ्यावर हरला तर ही नीळ खालच्या वस्तीतल्या लेकरांच्या पोटात जाईल."

अदुके ओढ्याचं पाणी घेऊन आली. सकाळी थेंब नितळ पडले. दुपारी नळी तुंबू लागली, आणि मग खाली फिकट निळा थेंब पडला. त्याच्या मागून दुसरा.

काय करावं? अदुकेने टेबलावर डोकं ठेवलं आणि त्या टपटपीतच तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती इवलीशी होऊन कोळशाच्या कणात शिरली. आत आपलीच गल्ली, दोन्ही बाजूंना खोल्याच खोल्या. पांढऱ्याफटक लठ्ठ बाया गाठोडी घेऊन आल्या आणि एकेक खोली धरून दारातच फतकल मारून बसल्या. मागून निळी माणसं आली. "जागा द्या हो, आम्हालाही टेकू द्या!" पण सगळी दारं अडलेली. मग निळी माणसं तशीच पुढे निघाली, मुकाट, खालच्या वस्तीकडे. अदुकेने एका पांढऱ्या बाईचा हात धरला, तर तो हाताला चिकट लागला.

ती दचकून उठली. खळ! कसाव्याची खळ!

आमच्याकडे कसाव्याच्या कंदाची खळ करतात आणि कापडावर पिसाने तिची नक्षी काढतात. खळ असते तिथे नीळ चढत नाही. मग ती खळ ओढ्यातच धुतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच धुतलेली ती खळ अदुकेच्या शुद्ध पाण्यात कुठून असणार?

ती घरी गेली, रीतीप्रमाणे आईपुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. इया कडाडली, "पहिली बाटली दाखव आणि गप्प बस! नितळच आहे ना ती? खोटं कुठे आहे त्यात?"

"इया, तू कापड विकण्याआधी कोपरा धुऊन बघतेस. कशात धुतेस?"

"कडक साबणात. घासून घासून."

"साध्या पाण्यात का नाही?"

"वेडी का तू? गिऱ्हाईक काय साध्या पाण्यात धुणारे? उद्या त्याच्या घरी रंग सुटला तर लाज कुणाची?"

"मग माझ्या कोळशाचा रंग खालच्या वस्तीत सुटला तर, इया?"

इयाने आपले निळे हात डोळ्यांसमोर धरले. मग हळूच म्हणाली, "अरे देवा! गिऱ्हाइकाची एवढी काळजी केली मी, आणि ही माणसं मला दिसलीच नाहीत!"

शुक्रवारी अदुकेने साहेबापुढे दोन्ही बाटल्या ठेवल्या, नितळ आणि निळी. साहेबाने भुवया उंचावल्या, पण इया अदुके उभी राहिली. "साहेब, आजपासून खळ ओढ्यात जाणार नाही. आधी कोरडी खरवडू, उरलेलं पाणी हौदात निवळू देऊ आणि मग कोळशावर सोडू. पावसाळ्यापर्यंत मुदत द्या. तेव्हाही निळं आलं, तर माझा माठ मी माझ्या हाताने फोडीन!"

मुदत मिळाली. अदुकेने निवळलेलं पाणी नळीत घालून पुन्हा चाचणी केली. शुद्ध पाण्यात टिकला तितका काही कोळसा टिकला नाही, पण त्याची ताकद कधी संपते ते कळलं, आणि त्याच्या आधीच तो बदलायचा असं गल्लीने ठरवलं. पाऊस आला तेव्हा माठ शाबूत होते.

आज ओढ्याच्या तोंडाशी कोळशाचा मोठा हौद आहे. त्यातलं पाणी तपासायला बाटल्या अदुकेकडे जातात. शिवाय दर बाजाराच्या आदल्या दिवशी इया आपल्या पांढऱ्या डोईच्या कापडाचा कोपरा तिथे भिजवते आणि उन्हात धरून बघते. आजूबाजूला पोरं श्वास रोखून उभी असतात.

बाबांनो, आपण सगळेच सोयीच्या पाण्यात आपला चांगुलपणा तपासतो आणि खूश होतो. आपल्या दारातून जे खरंच वाहतं, त्यात तपासून बघा. आणि तपासताना, खाली कोण घागर घेऊन उभं आहे तेही बघा.

परवा इयाच्या कापडावर पुसटसा निळा डाग उमटला. कुणी म्हणालं, "एवढ्याने काय होतंय?" इयाने ते कापड तसंच डोक्याला बांधलं, डाग कपाळावर सगळ्यांना दिसेल असं, आणि जुना कोळसा उपसायला हौदात ती पहिली उतरली.