उलटी वीण

"काका, चार दुकानांनी परत पाठवलं," अर्धी विणलेली वेताची खुर्ची त्याच्यासमोर ठेवत ती म्हणाली. "वीण उलटी आहे म्हणे, फाडून नव्याने घालावी लागेल. शेवटच्याने तुमच्याकडे पाठवलं. मला फाडायची नाहीये. राहिलीय तिथून पुढे होईल का?"

वेतकाम करणारा हा म्हातारा भलताच तिरसट. दुसऱ्याचं अर्धवट काम घेऊन येणाऱ्याला दारातूनच वाटेला लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बैठकीवर नजर गेली आणि तो थबकला.

तिरक्या पट्ट्या डावीकडून ओवलेल्या होत्या. त्याची आई डावखुरी. तिच्याकडे बघून शिकलेली तिची दोन्ही मुलं, हा आणि याची बहीण, उजव्या हाताची असूनही वेत तसाच ओवायची. धंद्यातले लोक टिंगल करायचे. आई म्हणायची, "करू देत. आपलं काम हरवलं तर ओळखता तरी येईल."

त्याने खुर्ची उपडी केली. प्रत्येक टोकाला दोन गाठी. बैठकीला एक पुरते, दुसरी आईने लावलेली सवय.

"कुणी विणलीय?"

"आईने. गेल्या महिन्यात गेली ती. ही तेवढी अर्धवट राहिली."

त्याने मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वी बहिणीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा वडिलांनी तिला घर बंद केलं. निघताना तिने एकच वस्तू मागितली, आईचा वेत ओवायचा टोच्या. वडील गप्प होते. "घरातली वस्तू घरातच राहील," हे बोलला होता तो स्वतः. पुढे वडील गेले, तरी हा आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. आता कुणाकडे जाणार? त्याला स्वतःची लाज वाटली.

"बस," एवढंच म्हणून त्याने वेत भिजत घातला.

दुपारभर तो विणत होता. बहिणीच्या शेवटच्या चार पट्ट्या सैल पडल्या होत्या, हातातलं बळ गेलं असणार. त्या ओढून घट्ट करणं सोपं होतं. त्याने त्यांना हात लावला नाही.

शेवटच्या टोकाला त्याने एकच गाठ मारली. मग खणातून झिजल्या मुठीचा टोच्या काढून तिच्यापुढे धरला. "दुसरी तू मार. हा तुझ्या आईचा. तिने मागितला होता, मी दिला नाही."

तिला कळायला वेळ लागला नाही.

"छत्रीची काडी घासून टोक केलं होतं तिने," ती म्हणाली. "जन्मभर त्यानेच विणलं."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

अखेर तिने टोच्या घेतला आणि स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

"कुठून घालायचा, मामा?"

"डावीकडून," तो म्हणाला.